ओढ्यालगतच्या आठ एकरांत प्लॉटिंग करायचे आहे: पाण्याच्या निचऱ्याबाबत सल्ला हवा

मावळतीचा माळ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मुळशी तालुक्यात, पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आम्हा तिघा भावांची सामाईक आठ एकर जमीन आहे. पश्चिमेला डोंगराचा उतार आहे, मध्यभागी सपाट माळ आहे आणि पूर्वेच्या हद्दीने एक ओढा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. गावाकडून येणारा रस्ता ओढ्याच्या पलीकडे असल्यामुळे जमिनीत शिरण्यासाठी ओढा ओलांडावाच लागतो. आता भात परवडत नाही आणि पुढच्या पिढीतील कोणी गावात राहणार नाही, म्हणून रीतसर अकृषिक परवानगी घेऊन, रेखांकन मंजूर करून प्लॉट पाडावेत असे तिघांनीही ठरवले आहे. तुकडेबंदीला बगल देऊन गुंठा-गुंठा विकण्याचा विचार आमच्या मनात नाही.

सल्लागाराने दिलेल्या प्राथमिक नकाशात ४६ प्लॉट आहेत आणि त्यांपैकी सात अगदी ओढ्याच्या काठावर दाखवले आहेत. ओढ्याचे वळण काढून तो सरळ करायचा, दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत घालायची, वळणातून मोकळी होणारी जागा भराव टाकून प्लॉटमध्ये घ्यायची आणि प्रवेशाच्या रस्त्याखाली ९०० मिलिमीटर व्यासाचे तीन ह्यूम पाईप (काँक्रीटचे गोल नळ) टाकून मोरी करायची, असा प्रस्ताव आहे. थोरल्या बंधूंना तो मान्य आहे, कारण काठावरच्या प्लॉटना भाव जास्त मिळतो. मला मात्र तो पटत नाही. उन्हाळ्यात ओढ्यात टाचभर पाणी नसते हे खरे आहे. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर काठावरच्या करंजाच्या फांद्यांत पालापाचोळा, प्लास्टिक आणि भाताचा पेंढा अडकलेला मी पाहिला, तो माझ्या छातीच्या उंचीवर होता, आणि ते झाड ओढ्याच्या पात्रात नसून काठापासून चांगले दहा-बारा पावले आत, म्हणजे नकाशातील १९ क्रमांकाच्या प्लॉटमध्ये आहे.

खालच्या अंगाला दुसऱ्यांची भातखाचरे आहेत आणि त्यापुढे एक जुनी वस्ती आहे. आमच्या प्लॉटिंगमुळे त्यांच्याकडे जास्त पाणी जाईल का, मोरी किती मोठी असावी आणि ओढ्यापासून किती अंतर सोडावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

नकाशाघर

आपण हा प्रश्न नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी विचारलात हे फार चांगले झाले. मी नगररचनेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे नियमांपुरते सांगतो.

राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या काठापासून ९ मीटर आणि नदीच्या काठापासून १५ मीटर अंतराच्या आत बांधकाम करता येत नाही. विकास आराखड्यात ओढा दाखवलेला नाही, एवढ्या कारणाने ही अट सुटत नाही. गाव नकाशावर किंवा गट नकाशावर तो असला तरी ती लागू होते. त्यामुळे काठावरचे सातही प्लॉट कागदावर जितके मोठे दिसतात तितके प्रत्यक्षात वापरता येणार नाहीत, आणि अडीच गुंठ्यांच्या प्लॉटमधून ९ मीटर वजा केल्यावर उरलेल्या पट्टीत घर कसे बसवायचे हा प्रश्न बिचाऱ्या खरेदीदाराच्या गळ्यात पडेल.

ओढा सरळ करण्याबाबत नियम असा आहे की, ज्या लहान प्रवाहाला स्पष्ट काठ नाहीत आणि जो सखल जमिनीतून पसरून वाहतो, त्याला प्राधिकरणाच्या परवानगीने, प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या छेदानुसार वळवता येते. परंतु तो जमिनीत जिथून येतो आणि जिथून बाहेर पडतो ती दोन्ही ठिकाणे बदलता येत नाहीत. आपल्या ओढ्याला काठ स्पष्ट असतील, तर सल्लागाराचा मूळ आधारच डळमळीत होतो.

दुसरी गोष्ट मालकीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांची पात्रे, कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसल्यास, शासनाच्या मालकीची असतात. आपल्या ७/१२ वर पोटखराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्राच्या ‘ब’ वर्गात काही क्षेत्र आहे का ते पाहावे, कारण रस्ते, ओढे, स्मशानभूमी यांसारख्या सार्वजनिक उपयोगाच्या जागा त्या वर्गात दाखवतात. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि ओढ्याचे दोन्ही काठ मोजणी नकाशावर दाखवायला सांगा. आठ एकरांचे क्षेत्र मनात धरून प्लॉटची संख्या ठरवली आणि मोजणीत पात्राचे क्षेत्र वजा झाले, की सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

पूररेषेबाबत: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचे झाल्यास जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावी लागते. जलसंपदा विभाग या रेषा प्रामुख्याने नद्यांच्या आखतो, लहान ओढ्यांच्या बहुतेक ठिकाणी नसतात. रेषा आखलेली नाही याचा अर्थ पूर येत नाही असा कृपया घेऊ नका. आपण पाहिलेला करंजावरचा कचरा हाच आत्ता आपल्या हातातला सर्वांत विश्वासार्ह पुरावा आहे. त्याची पातळी सर्व्हेअरकडून मोजून नकाशावर चढवून ठेवा, कारण पुढच्या पावसात तो वाहून जाईल.

धरणवाट

मी पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालो आहे. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मोरीचे उत्तर देण्यापूर्वी मला एकच आकडा हवा आहे, तो म्हणजे ओढ्याचे पाणलोट क्षेत्र. आपल्या प्रवेशाच्या ठिकाणापर्यंत किती जमिनीवरचे पाणी ओढ्यात येते हे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर डोंगराच्या धारेने रेघ ओढून काढता येते. ते काढून कळवावे. वरच्या बाजूस आणखी प्लॉटिंग सुरू आहे का, हेही सांगावे.

मावळतीचा माळ

दोघांचेही मनापासून आभार. धाकट्या बंधूंच्या मदतीने नकाशावर धार आखली. क्षेत्र सुमारे १२० हेक्टर भरते. त्यातील बराच भाग डोंगराचा चढ आहे, पूर्वी तिथे झाडी होती आणि आता दोन ठिकाणी टप्पे पाडून प्लॉटिंग चालू आहे. ओढ्याला काठ स्पष्ट आहेत, खालचा तळ सहा मीटरच्या आसपास रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना करंज, उंबर व वाळुंज आहेत.

धरणवाट

आता हिशेब मांडता येईल. हा प्राथमिक हिशेब आहे. अंतिम संकल्पन परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्यावे, परंतु प्रस्तावित मोरी कुठे उभी आहे हे कळायला तो पुरेसा आहे.

लहान पाणलोटासाठी नेहमीचे सूत्र म्हणजे अपधावेचा गुणांक (पडलेल्या पावसापैकी न मुरता वाहून जाणारा हिस्सा), पावसाची ताशी तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागणे. चढाची जमीन आणि वर चालू असलेले प्लॉटिंग लक्षात घेता गुणांक ०.६ धरू आणि तीव्रता ताशी १०० मिलिमीटर धरू. ०.६ × १०० × १२० ÷ ३६० म्हणजे सेकंदाला २० घनमीटर. सह्याद्रीच्या पाणलोटांसाठी वापरले जाणारे इंग्लिस यांचे सूत्र लावले, तर १.२ चौरस किलोमीटरला सेकंदाला सुमारे ४४ घनमीटर येतात. पंख्यासारख्या आकाराच्या, घाटातील मोठ्या पाणलोटांसाठी ते सूत्र बांधलेले असल्याने लहान ओढ्यावर ते जास्तीचा आकडा देते. लहान पूल व मोऱ्यांसाठीच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत अशा वेळी काय करावे हे दिलेले आहे: वेगवेगळ्या पद्धतींनी आलेल्या आकड्यांतला सर्वांत मोठा घ्यावा, मात्र तो त्याच्या खालच्या आकड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असेल तर दीडपटीवर थांबावे. म्हणजे आपल्या ओढ्यासाठी सेकंदाला ३० घनमीटर.

आता तीन ह्यूम पाईप पाहू. ९०० मिलिमीटरच्या एका पाईपचे छेदक्षेत्र ०.६४ चौरस मीटर, तिन्हींचे मिळून १.९ चौरस मीटर. पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने गेले असे उदारपणे धरले तरी तिन्ही पाईप मिळून पावणेपाच घनमीटरच्या आसपास पाणी सोडतील. उरलेले पंचवीस घनमीटर दर सेकंदाला कुठे जाणार? ते रस्त्याच्या भरावाला अडून आधी वरच्या बाजूला फुगेल, तुमच्याच काठावरच्या प्लॉटमध्ये शिरेल आणि मग रस्ता ओलांडून किंवा फोडून खालच्या खाचरांत जाईल. हा हिशेबही पाईप पूर्ण मोकळे आहेत असे गृहीत धरून केला आहे. प्रत्यक्षात पहिल्या मोठ्या पावसात ओंडके, झुडपे आणि वरच्या बांधकामांवरचे सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या वाहून येतात आणि ९०० मिलिमीटरच्या तोंडाशी अडकतात. एक फांदी आडवी बसली की तिच्यामागे सगळा गाळ साठतो. मोरी बंद पडण्याचे हेच सर्वसाधारण कारण आहे, आणि म्हणून लहान-लहान तोंडांची रांग लावण्यापेक्षा कमी पण मोठे गाळे ठेवणे केव्हाही चांगले.

तीस घनमीटरला त्याच वेगाने १२ चौरस मीटर जागा लागते. तीन-तीन मीटर रुंदीचे दोन गाळे आणि दोन मीटर पाण्याची उंची, त्यावर तरंगत्या कचऱ्यासाठी किमान अर्धा मीटर मोकळी जागा, अशी आरसीसी बॉक्स मोरी (चौकोनी तोंडांची काँक्रीटची मोरी) करावी लागेल. खर्च पाईपांच्या कितीतरी पट येईल हे मला ठाऊक आहे. परंतु ४६ कुटुंबांचा येण्याजाण्याचा एकमेव रस्ता तिच्यावर अवलंबून असणार आहे आणि रात्री-अपरात्री रुग्णवाहिका यायची तर तीही त्याच रस्त्याने येणार आहे, म्हणून येथे काटकसर करू नये असे मी आग्रहाने सांगतो.

ओढा सरळ करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. वळण काढले की तेवढ्याच उताराला लांबी कमी मिळते, उतार वाढतो, काँक्रीटच्या भिंतींमुळे घर्षण कमी होते, पाण्याचा वेग वाढतो आणि भिंत जिथे संपते तिथे, म्हणजे नेमके खालच्या शेजाऱ्याच्या हद्दीवर, ते पाणी काठ खणू लागते. करंज, उंबर, वाळुंज यांच्या मुळांनी आज तो काठ विनामूल्य धरून ठेवला आहे. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत भिंती कोसळल्या, शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. तिथला पाऊस मोठा होता हे खरे आहे, पण वर्षानुवर्षे अरुंद होत गेलेले पात्र आणि त्यावरची अपुरी तोंडे यांनी त्या पावसाचे संकट केले. आपल्या ओढ्याच्या बाबतीत सगळे अजून आपल्या हातात आहे.

आता आपला मूळ प्रश्न, आपल्या प्लॉटिंगमुळे खाली जास्त पाणी जाईल का. होय, जाईल. आठ एकर म्हणजे सव्वातीन हेक्टर. आजच्या माळाचा गुणांक ०.३ आणि रस्ते, छपरे, फरसबंदी झाल्यावरचा ०.६ धरला, तर ताशी ७० मिलिमीटरच्या पावसात सेकंदाला जवळजवळ ०.१९ घनमीटर पाणी आजच्यापेक्षा जास्त बाहेर पडेल. असा पाऊस तासभर टिकला तर ६८० घनमीटर होतात. हे पाणी तुमच्याच हद्दीत थोपवून सावकाश सोडायचे असेल, तर एक मीटर खोलीचा, सुमारे सात गुंठ्यांचा उथळ खळगा पुरतो. रेखांकनात १० टक्के, म्हणजे ३२ गुंठे खुली जागा सोडणे आपल्याला नियमाने भाग आहेच. ती सल्लागारांच्या सवयीप्रमाणे कोपऱ्यातल्या त्रिकोणी निरुपयोगी तुकड्यात न टाकता ओढ्याच्या बाजूने सलग घ्यावी आणि तिच्यातील सात गुंठ्यांचे मैदान मीटरभर खाली ठेवून त्याला ओढ्याकडे लहान तोंडाचा निकास द्यावा. वर्षातील बहुतेक दिवस तिथे मुले खेळतील. कडा उभ्या न ठेवता गवताच्या उतरत्या ठेवा, म्हणजे पाणी असतानाही कोणी घसरून अडकणार नाही.

पश्चिमेचा डोंगरउतार विसरू नका. प्लॉटच्या वरच्या हद्दीवर चर खोदून डोंगराचे पाणी दोन्ही टोकांनी ओढ्यात सोडले नाही, तर ते रस्त्यांच्या गटारांत शिरेल आणि रस्त्याच्या हिशेबाने बांधलेली गटारे पहिल्याच वर्षी ओसंडतील.

खालची आळी

मी अशाच एका प्लॉटिंगमध्ये राहते, म्हणून विकत घेणाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी लिहिते. विकसकाचे नाव घेण्याची आवश्यकता नाही.

आमचा प्लॉट विकत घेताना माघ महिना होता आणि जमीन ठणठणीत कोरडी होती. पावसाळ्यात कळले की शेजारच्या तीन प्लॉटधारकांनी आपापल्या परीने मुरुमाचा भराव टाकून जोती उंच केली आहेत आणि आमचा एकच प्लॉट मध्ये खोलगट राहिला आहे. प्रत्येकाने स्वतःच्या घरापुरते शहाणपण केले, पण संपूर्ण रेखांकनाला एक ठरलेली पातळी कोणी दिलीच नव्हती. दादा, आपण प्रत्येक प्लॉटची अंतिम पातळी आणि जोत्याची किमान पातळी नकाशावरच लिहून द्यावी आणि खरेदीखतात तशी अट घालावी, ही कळकळीची विनंती आहे.

दुसरी गोष्ट सांडपाण्याची, जिच्याविषयी इथे अजून कोणी लिहिलेले नाही. आमच्याकडे प्रत्येक घराला स्वतंत्र सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे. वर काळी माती, खाली खडक आणि शेजारी ओढा, अशा जागी आषाढ-श्रावणात जमिनीतले पाणी इतके वर येते की शोषखड्डा पाणी शोषत नाही, उलट तोच भरून वाहू लागतो. घरातील शौचालयाचे पाणी उतरत नाही, आणि खड्ड्यातून वर आलेले पाणी उताराने ओढ्यात व ओढ्यालगतच्या विहिरीत जाते. सेप्टिक टँकच्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर ठेवण्यास सांगितले आहे, पण एकेका लहान प्लॉटमध्ये घर, बोअर आणि शोषखड्डा तिन्ही असताना ते अंतर मिळणार कुठून? पूररेषेच्या वर, उंच बाजूला सर्वांचा मिळून एक सांडपाणी प्रकल्प करणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे, आणि तो प्लॉट विकण्यापूर्वीच करावा लागतो, नंतर ४६ जणांचे एकमत होत नाही.

आपल्या थोरल्या बंधूंना एवढे अवश्य सांगा की आम्ही काठावरच्या प्लॉटला जास्त पैसे मोजले होते, आणि आज तोच प्लॉट विकायला काढला तर लोक पावसाळ्यातले फोटो मागतात.

बांधावरचा

मी ओढ्याच्या खालच्या अंगाचा शेतकरी आहे, तुमच्या नव्हे, दुसऱ्या गावचा. आमच्या वर एकाने नैसर्गिक प्रवाहात भिंत घालून पाणी आमच्या खाचरावर वळवले, तेव्हा आम्ही मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा केला. शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात बेकायदेशीर अडथळा घातल्यास तो काढून टाकण्याचा आदेश त्या कलमाखाली मिळू शकतो. अडथळा घातल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. वरच्या जमिनीवरचे पाणी नैसर्गिकपणे खाली येऊ देणे आम्हाला बंधनकारक आहे, ते १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातच आहे आणि आमची त्याबद्दल तक्रारही नाही. परंतु नैसर्गिकपणे पसरून येणारे पाणी आणि भिंतीतून एका धारेने आमच्या बांधावर सोडलेले पाणी यांत फरक आहे. आपण अर्ज करण्यापूर्वी खालच्या खातेदारांना बोलावून नकाशा दाखवावा. आम्हाला कोणी आधी विचारले असते, तर तहसीलचे हेलपाटे दोघांचेही वाचले असते.

मावळतीचा माळ

आपणा सर्वांचे प्रतिसाद छापून घेतले आणि तिघे भाऊ एकत्र बसून वाचले. काठावरचे सातही प्लॉट वगळून ती जागा खुल्या जागेत घेण्यास थोरल्या बंधूंनी मान्यता दिली आहे. ताईंचा शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचून घेतला. मोजणीचा अर्ज करत आहोत आणि खालच्या खातेदारांना ग्रामपंचायतीत भेटण्याचे ठरवले आहे.

एक शंका उरली आहे. बॉक्स मोरीचा खर्च ऐकून सल्लागार म्हणतात की त्याऐवजी कमी उंचीचा फरशी पूल करावा, वर्षातून दोन-चार वेळा त्यावरून पाणी गेले तरी काही तासांत ओसरते. हे मान्य करावे का?

धरणवाट

शेताच्या वाटेला फरशी पूल चालतो, वसाहतीच्या एकमेव रस्त्याला चालत नाही. वाहत्या पाण्यात, पाणी गुडघ्याच्या खाली असतानाही, मोटार वाहून जाऊ शकते, आणि घाईत असलेला माणूस ‘एवढेसे पाणी’ म्हणून गाडी घालतोच. बॉक्स मोरीच करावी.

मात्र फरशी पुलातील एक तत्त्व अवश्य उचलावे. बॉक्स मोरीही कधीतरी तुंबेल किंवा हिशेबापेक्षा मोठा पूर येईल, हे धरून रस्त्याची पातळी ठरवावी. मोरीच्या लगत, गावाकडच्या बाजूला, रस्त्याचा दहा-पंधरा मीटरचा भाग बाकीच्या रस्त्यापेक्षा अर्धा मीटर खाली ठेवा आणि त्याच्या दोन्ही उतारांना दगडी पिचिंग (दगड बसवून अस्तर) करा. तुंबलेले पाणी आधी तिथून ओलांडून पुन्हा ओढ्यातच पडेल आणि प्लॉटकडे वळणार नाही. त्यासाठी प्लॉटकडील रस्ता मोरीपासून आत येताना सलग चढता हवा. नकाशात आज तो उतरता दाखवलेला असेल, तर तो प्रथम बदलून घ्या.